चेनसॉचा तुटलेला हातगार्ड कसा बदलावा

पुढच्या हँडलसमोर उभा असलेला प्लॅस्टिकचा हातगार्ड म्हणजे नुसती आड नव्हे. तो चेन ब्रेकचा दांडा आहे. पट्टीच्या (जिच्याभोवती चेन फिरते त्या लांब पात्याच्या) टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन क्षणात उसळून तोंडाकडे येते. त्या वेळी डाव्या मनगटाचा धक्का गार्डला बसतो आणि ब्रेक लागून चेन थांबते. बहुतेक आधुनिक मशीनमध्ये मनगट लागले नाही तरी उसळीच्या झटक्याने गार्ड स्वतःच्या वजनामुळे पुढे पडतो आणि ब्रेक ओढतो. म्हणून मोडलेल्या गार्डला एम-सील लावणे, तारेने आवळणे किंवा त्याजागी पत्र्याचा तुकडा ठोकणे हे उपाय करूच नका. वजन बदलले किंवा बिजागरी जाम झाली, तर गार्ड जागेवर दिसतो पण ब्रेक लागत नाही. गार्ड काढून टाकला तरी मशीन सुरू होते आणि कापतेही. खरा धोका तोच आहे.

गार्ड बहुधा बिजागरीजवळच्या कानाशी मोडतो. झाडावरून मशीन पडणे, टेम्पोत ओंडक्यांखाली दाबले जाणे आणि गार्डला धरून मशीन उचलणे ही त्याची नेहमीची कारणे. कानाशी केसासारखी चीर दिसली तरी गार्ड बदला. ती चीर पुढच्या झटक्यालाच फाटते.

सुटा भाग घेताना

मॉडेलचा नंबर घेऊनच दुकानात जा, आणि शक्य असेल तर मोडलेला गार्डही सोबत न्या. स्टिल (Stihl) कंपनीच्या एमएस १७० आणि एमएस १८० या दोन्ही मशीन ११३० मालिकेतल्या असल्याने त्यांचा गार्ड एकच. एमएस १७१, १८१ आणि २११ मात्र ११३९ मालिकेतल्या आहेत आणि एमएस २५० ही ११२३ मधली. नावे सारखी वाटली तरी हे गार्ड एकमेकांना बसत नाहीत. घासून, भोक मोठे करून बसवलेला गार्ड हँडलला घासतो किंवा अर्ध्या वाटेत अडकतो. बिजागरीचा स्क्रू, लॉक (पिन जागेवर धरणारी छोटी कडी) आणि ब्रेकची स्प्रिंगही पाहून घ्या. गंजलेली किंवा ताणून सैल झालेली स्प्रिंग याच वेळी बदला, कारण पुन्हा इतके उघडणे होत नाही.

मशीनसोबत आलेला पाना, स्टिलसाठी टी २७ टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या टोकाचा पाना (इतर अनेक मशीनना ४ मिमीची ॲलन की), सपाट स्क्रूड्रायव्हर, बारीक चिमटा पक्कड, रंगाचा ब्रश, जाड हातमोजे आणि चष्मा एवढे हाताशी ठेवा. चष्मा टाळू नका. स्प्रिंग आणि लॉक दोन्ही डोळ्याच्या दिशेने उडू शकतात.

आधी ब्रेक कुठे आहे ते पाहा

स्टिलच्या मशीनमध्ये ब्रेकचा पट्टा बॉडीत, क्लच ड्रमभोवती (चेन फिरवणाऱ्या गोल वाटीभोवती) असतो. हस्कवर्ना कंपनीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये आणि बाजारात मिळणाऱ्या बहुतेक ५८ सीसी चिनी मशीनमध्ये सगळा ब्रेक क्लच कव्हरमध्ये असतो. कव्हर काढल्यावर पट्टा कव्हरसोबत हातात आला तर तुमची मशीन दुसऱ्या प्रकारची. दोन्हींची रीत वेगळी आहे.

मशीन पूर्ण थंड होऊ द्या, बटण बंद करा आणि स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा. गार्ड हँडलकडे ओढून ब्रेक सोडा. मगच नट काढून कव्हर उतरवा, चेन आणि पट्टी काढा. भुसा आणि तेलाचा थर ब्रशने साफ करा. त्या थराखाली स्क्रू लपलेले असतात.

ब्रेक बॉडीत असेल तर

१. आता गार्ड पुढे ढकलून ब्रेक लावा. ब्रेक सुटलेला असताना स्प्रिंग पूर्ण ताणलेली असते, तर लावल्यावर ती आखडते आणि तिचा जोर कमी होतो. ही पायरी गाळली तर स्प्रिंग काढताना ती जोरात सुटते.

२. ब्रेकवरचे छोटे झाकण स्क्रू काढून उतरवा. आतली स्प्रिंग, तरफ आणि पट्टा यांचा जवळून फोटो काढा. तरफेचे कोणते टोक गार्डच्या कोणत्या खाचेत आहे ते फोटोत स्पष्ट दिसले पाहिजे. बसवताना सर्वांत जास्त घोळ इथेच होतो.

३. स्प्रिंगवर फडके धरून तिचे टोक खिळीवरून सोडवा. जोर कमी झाला तरी संपलेला नसतो.

४. तरफेच्या पिनेवरचे लॉक स्क्रूड्रायव्हरने ढकला आणि दुसरे बोट त्याच्यासमोर धरा. लॉक उडाले तर भुशात सापडत नाही.

५. स्टार्टरच्या बाजूचा गार्डचा स्क्रू काढा. काही मॉडेलमध्ये त्यासाठी आधी स्टार्टरचे कव्हर उतरवावे लागते. मग गार्डच्या दोन्ही बाजू हलकेच फाकवून तो तरफेसह वर उचला.

६. बिजागरीच्या खुंट्या पुसून त्यांना ग्रीसचे बोट लावा. पट्ट्याला आणि ड्रमला ग्रीस किंवा तेल अजिबात लागू देऊ नका. लागलेच तर पट्टा काढून पूर्ण कोरडा करा, कारण तेलकट पट्टा ड्रमवरून घसरतो. तो झिजला आहे का तेही पाहा. हस्कवर्ना सर्वांत पातळ जागी निदान ०.६ मिमी जाडी सांगते.

७. नवा गार्ड उलट क्रमाने बसवा, स्प्रिंग सर्वांत शेवटी. स्क्रू प्लॅस्टिकमध्ये जातात, म्हणून मनगटाच्याच जोराने आवळा. जास्त आवळले तर आटे जातात, किंवा गार्ड जड फिरू लागतो. हा दुसरा दोष जास्त वाईट, कारण जड गार्ड हाताने ढकलला तर चालतो आणि उसळीच्या वेळी मात्र हलत नाही.

ब्रेक कव्हरमध्ये असेल तर

इथे काम थोडके आहे. गार्डचे स्क्रू किंवा पिन काढा, जुना गार्ड कव्हरमधल्या खटक्यातून सोडवा आणि नवा तसाच गुंतवा. कव्हर बाहेर असताना चुकून ब्रेक लागला तर पट्टा आखडतो आणि कव्हर ड्रमवर चढत नाही. अशा वेळी कव्हर ठोकू नका. खटका दांड्याने मागे फिरवून ब्रेक सोडा, मग बसवा.

पट्टी आणि चेन बसवून, पट्टीचे टोक वर उचलून धरत ताण लावा आणि नट आवळा. ब्रेक सुटलेला असताना हातमोजा घातलेल्या हाताने चेन सहज ओढली गेली पाहिजे आणि खालून पट्टीला टेकलेली असली पाहिजे.

चाचणी केल्याशिवाय लाकडाला लावू नका

इंजिन बंद ठेवून गार्ड पुढे-मागे करा. दोन्हीकडे स्पष्ट 'खट' आवाज यावा, आणि ब्रेक लावल्यावर चेन हाताने हलू नये. मग ब्रेक सोडून मशीन बुंध्यावर साधारण दीड फूट उंचीवर आडवी धरा, मागचे हँडल घट्ट पकडून पुढचा हात सोडा आणि पट्टीचे टोक लाकडावर पडू द्या. झटक्याने ब्रेक आपोआप लागला पाहिजे. नेमकी उंची तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत पाहा. फार जुन्या किंवा साध्या मशीनमध्ये ही सोय नसते.

आता प्लगची टोपी लावून मशीन पक्क्या जमिनीवर, चेन कशालाही न टेकता सुरू करा. ब्रेक सोडा, दोन्ही हात हँडलवर ठेवून पूर्ण थ्रॉटल द्या आणि हँडल न सोडता डावे मनगट पुढे वाकवून गार्ड ढकला. चेन तत्काळ थांबली पाहिजे, आणि तुम्हीही थ्रॉटल लगेच सोडला पाहिजे. ब्रेक लागलेला असताना दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त रेस केल्यास क्लच तापून आजूबाजूचे प्लॅस्टिक वितळते.

चेन थांबायला वेळ लागत असेल, तर पट्ट्यावर तेल, झिजलेला पट्टा आणि चुकीच्या खाचेत बसलेली तरफ या क्रमाने शोधा. तिन्ही ठीक असूनही दोष राहिला तर मशीन सर्व्हिस सेंटरला द्या. नव्या गार्डवर पहिली टाकी संपली की इंजिन बंद करून त्याचे स्क्रू पुन्हा तपासा, कारण कंपनाने ते सुरुवातीलाच सैल होतात.