कुलवृत्तान्तात न सापडणारी माहिती: घरातल्या आजारांचा वंशवृक्ष कसा काढावा

पुण्यातल्या बऱ्याच घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर जाडजूड कुलवृत्तान्त असतो. मूळपुरुष, गाव, गोत्र, कोण नोकरीसाठी बडोद्याला गेलं, सगळं त्यात सापडतं. आजार सापडत नाहीत. शिवाय लेक सासरी गेली की तिची शाखा तिथेच थांबते आणि सुनेचं माहेर एका ओळीत उरकलेलं असतं. डॉक्टरांच्या कामाचा वंशवृक्ष म्हणूनच वेगळा काढावा लागतो. निम्मी जनुकं आईकडून येतात, आणि हिमोफिलियासारखा (रक्त नीट न गोठण्याचा) आजार बहुधा लेकींच्याच वाटेने उतरतो: आजोबांना असेल तर त्यांच्या सगळ्या मुली वाहक, म्हणजे दोषी जनुक पुढे देऊ शकणाऱ्या, आणि त्या मुलींच्या प्रत्येक मुलग्याला तो होण्याची शक्यता निम्मी.

मोठा कागद आडवा घ्या, पेन्सिल वापरा, खोडाखोड होणारच. ज्याच्यासाठी काढताय तो मध्यभागी, त्याच्याकडे बाण. डावीकडे वडिलांची बाजू, उजवीकडे आईची. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, लग्नाला आडवी रेघ, नात्यात लग्न असेल तर दुहेरी. भावंडं डावीकडून थोरल्यापासून. आजार असलेल्याची आकृती भरीव करा, गेलेल्यावर तिरकी रेघ मारा. गर्भपाताला छोटा त्रिकोण, आणि तान्हेपणी गेलेली मुलंही सोडू नका. किमान तीन पिढ्या हव्यात, म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी आणि त्यांची मुलं आलीच.

प्रत्येक आकृतीखाली जन्मसाल, आजार आणि आजार कळला तेव्हाचं वय लिहा. मृत्यूच्या वयापेक्षा हे वय महत्त्वाचं. पंचाहत्तरीत आलेला हार्ट अटॅक आणि बेचाळिशीत आलेला अटॅक यांचा अर्थ वेगळा असतो. आजार जितका लवकर आलेला, तितका जनुकांचा वाटा मोठा असण्याची शंका घ्यावी. तंबाखू, मिश्री, दारू याचीही नोंद ठेवा, नाहीतर सवयीचं खापर जनुकांवर फुटतं.

माहिती गोळा करायला गौरीजेवणासारखा दिवस बरा, सगळे एका छपराखाली असतात. मात्र पंगतीत विचारू नका, दुपारी एकेकाला गाठा. ‘घरात कुणाला काही आजार?’ असं विचारलं की ‘छे, सगळे ठणठणीत’ हेच उत्तर येतं. त्यापेक्षा ‘आत्या, आजोबांना शेवटी नक्की काय झालं होतं गं? कोणत्या गोळ्या चालू होत्या?’ असं विचारा. वय आठवत नसेल तर घटनेला बांधा: पानशेत फुटलं तेव्हा (1961) तो शाळेत होता का, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा (1967) लग्न झालं होतं का, बहात्तरच्या दुष्काळात कुठे होता. दोन-तीन वर्षांच्या फरकाने वय हाती लागतं आणि तेवढं पुरतं.

उत्तरं जशीच्या तशी लिहून घेतली की चुकतं. ‘हार्टफेल’ हे कारण नव्हे, शेवटी प्रत्येकाचंच हृदय थांबतं. ‘पोटाचा कॅन्सर’ म्हणजे जठर, मोठं आतडं, यकृत, बीजकोष यांपैकी काहीही, आणि यातला फरक फार मोठा आहे. ‘पिशवी काढली’ एवढ्यावर थांबू नका. का काढली आणि कितव्या वर्षी, ते विचारा. मृत्यूच्या दाखल्यावर कारण बहुधा नसतंच. जुनं डिस्चार्ज कार्ड किंवा बायोप्सीचा रिपोर्ट पिशव्यांतून शोधून काढा.

खास आपल्याकडची चूक दत्तकाची. जुन्या घराण्यांत दत्तक सर्रास घेतले जात, आणि कुलवृत्तान्तात तो मुलगा सख्ख्यासारखाच दाखवलेला असतो. नाव या घरचं, जनुकं जन्मघरची. त्याला तुटक रेघेने जोडा आणि जन्मदात्यांची शाखा मिळाली तर काढा. दुसरेपणाच्या बायकोची मुलंही वेगळी दाखवा: सख्खी भावंडं सरासरी निम्मी जनुकं वाटून घेतात, सावत्र भावंडं पाव. मामेबहिणीशी लग्न झालं असेल तर तिथे एक अष्टमांश जनुकं सामाईक असतात. गोत्र वेगळं असलं म्हणून त्यात काही बदलत नाही.

आता कागद वाचायचा कसा? वडील किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आई किंवा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, तर लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, लांबवू नका. त्यातलं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 190 च्या पुढे असेल तर ते नुसत्या तेलातुपाचं काम नसावं. मुलांचीही तपासणी करावी. आई-वडिलांपैकी एकाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर 45 व्या वर्षी निघाला असेल, तर मुलांची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) दहा वर्षं आधी, म्हणजे पस्तिशीत. स्तनाचा कॅन्सर पन्नाशीच्या आत, बीजकोषाचा कोणत्याही वयात, किंवा पुरुषाला स्तनाचा कॅन्सर, यांतलं एकही दिसलं तर जेनेटिक कौन्सेलरला भेटा.

मधुमेहाच्या बाबतीत वजनकाट्यावर विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3, पण चरबी युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. म्हणून आई-वडिलांना शुगर असेल तर कंबर मोजा: पुरुषांत 90 सेंटिमीटर, बायकांत 80 ही मर्यादा. तिशीपासून दरवर्षी उपाशीपोटीची शुगर तपासा.

जनुकांची चाचणी करायचीच झाली तर ती आधी आजार झालेल्या माणसाची करावी. त्याच्यात दोषी बदल सापडला की बाकीच्यांना तेवढाच शोधायचा असतो. उलट केलं, म्हणजे धडधाकट मुलीची चाचणी आधी केली आणि ‘निगेटिव्ह’ आली, तर ती सुटली की घरातला बदल या चाचणीत पकडताच आला नाही, हे कळत नाही.

लग्न ठरत असेल तर पत्रिकेसोबत एक सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी तपासणी, करून घ्या. एकनाड म्हणजे एकच रक्तगट असं सांगणारे भेटतात; रक्तगट एक असल्याने काहीही बिघडत नाही. लक्ष द्यायचं ते आरएचकडे, म्हणजे रक्तगटापुढच्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हकडे. बायको निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं. बहुधा 28 व्या आठवड्यातही देतात. सीबीसीत एमसीव्ही (लाल पेशींचं सरासरी आकारमान) 80 च्या खाली आणि लाल पेशींची संख्या मात्र भरपूर असेल, तर थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे या आनुवंशिक रक्तविकाराचा नुसता वाहक असण्याची, शंका घ्या. अशी माणसं अनेकदा ‘रक्त कमी आहे’ म्हणून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खात असतात. हिमोग्लोबिन एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी चाचणी) करा; त्यातला एचबीए2 हा प्रकार चार टक्के किंवा वर असेल तर वाहक. लोह फार कमी असेल तर हा आकडा खोटा खाली दिसू शकतो, तेव्हा फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) बघा. पिंपरीच्या सिंधी समाजात ही तपासणी आवर्जून सांगितली जाते, पण वाहक इतर समाजांतही आहेत. एकटा वाहक असेल तर काळजीचं कारण नाही. दोघेही असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता थॅलेसेमिया मेजरची, म्हणजे या आजाराच्या गंभीर रूपाची. गर्भाची तपासणी 11 ते 13 आठवड्यांत होते, पण त्याआधी दोघांचे नेमके जनुकीय बदल माहीत असावे लागतात. ते शोधायला वेळ लागतो, म्हणून हे काम गरोदरपणाआधीच उरका.