चेक लाईट लागली? पार्ट बदलण्याआधी व्होल्ट मोजा

इंदूरच्या कुठल्याही गॅरेजवर एक तक्रार हमखास कानावर येते: जुनी मारुती वीस वर्षं चालली, कधी रस्त्यात सोडून गेली नाही, आणि ही नवी गाडी तीन वर्षांतच टोचन लावून आणायची वेळ आली. तक्रार खरी आहे, पण अर्धी.

जुन्या गाडीला कामं कमी नव्हती. पद्मिनीचे स्पार्क पाडणारे पॉइंट घासून पुन्हा गॅप लावावा लागे, कार्बोरेटर उघडून जेट फुंकावे लागत आणि मे महिन्यातल्या दुपारी फ्यूल पंपात पेट्रोलची वाफ धरली की पंपावर ओलं फडकं टाकून सावलीत बसावं लागे. पण ती गाडी आधी कुरकुरायची. मिसिंग मारायची, पिकअप सोडायची, सकाळी चोक जास्त मागायची, आणि तरी घरापर्यंत यायची. नव्या गाडीचं इंजिन आणि पत्रा त्या मानानं पुष्कळ जास्त टिकतात. दगा देतं ते त्यांच्या भोवतीचं: बॅटरीचे व्होल्ट, इंजिन आणि बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारं अर्थिंग, वायरी जोडणाऱ्या कपलरमधला एखादा हिरवा पडलेला पिन, उंदरानं कुरतडलेली वायर. सेन्सरकडून आलेला आकडा ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, पटला नाही, की तो डॅशबोर्डवरची पिवळी चेक लाईट लावतो आणि इंजिन वाचवण्यासाठी ताकद कापतो. गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे जेमतेम रेंगाळत चालते, नाहीतर सुरूच होत नाही. बिघाड दोनशे रुपयांचा असतो आणि गाडी मात्र ठप्प.

म्हणून तपासायचा क्रम ठरलेला ठेवा: व्होल्ट, अर्थिंग, कोड (ईसीयूनं नोंदवलेला बिघाडाचा नंबर), कपलर, आणि अगदी शेवटी पार्ट. लोकांचे पैसे वाया जातात ते हा क्रम उलटा झाल्यामुळे.

सामान थोडंच लागतं. एक डिजिटल मल्टीमीटर, गाडीतले कोड वाचणारा, ब्लूटूथवर चालणारा ओबीडी अडॅप्टर आणि मोबाईलवर त्याचं अॅप, दहा नंबरचा पाना, बारीक पॉलिश पेपर आणि इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक डबा. साधं डब्ल्यूडी-४० कपलरसाठी वापरू नका. ते तेलकट थर सोडतं आणि त्यावर धूळ बसते.

व्होल्ट

गाडी रात्रभर उभी राहू द्या. बॉनेट रात्रीच उघडून ठेवा, कारण सकाळी दार उघडलं की आतली मॉड्यूल्स (छोटे कॉम्प्युटर) जागी होतात आणि आकडा खाली येतो. बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर मीटर लावा. १२.६ किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२.० ला ती जवळजवळ रिकामी असते, जरी सेल्फ अजून कसाबसा फिरत असला तरी.

आता कुणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि त्या दोन-तीन सेकंदांत मीटरकडे बघा. आकडा १० च्या वर राहिला तर उत्तम. बॅटरी भरलेली असूनही ९.६ च्या खाली गेला तर ती संपली आहे, चार्जिंग करून उपयोग नाही. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला एवढ्यावरही चाललं असतं, कारण तिला फक्त स्पार्क हवा असायचा. नव्या गाडीत त्याच क्षणी ईसीयू, चावी ओळखणारा इमोबिलायझर, स्टीअरिंगचं आणि ब्रेकच्या एबीएसचं मॉड्यूल एकमेकांशी बोलत असतात. व्होल्ट पडले की त्यातलं एखादं गप्प होतं आणि डॅशबोर्डवर एकदम पाच दिवे लागतात. एकाच वेळी वेगवेगळ्या सिस्टिमचे बरेच दिवे लागले, तर पाच सेन्सर गेलेले नसतात. बहुधा व्होल्ट किंवा अर्थिंग गेलेलं असतं.

इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. आताच्या पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटर ईसीयूच्या हुकमावर चालतो, त्यामुळे आकडा मध्येच १२.८ पर्यंत उतरेल. घाबरू नका. हेडलाईट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावा. आकडा वर चढला तर अल्टरनेटर ठीक आहे.

माळव्यातल्या बॅटऱ्या मरतात उन्हाळ्यात आणि कळतं डिसेंबरात. एप्रिल-मेच्या उष्णतेनं प्लेटा खराब होतात, पण ऑइल पातळ असतं म्हणून सेल्फ फिरत राहतो. पहिली थंडी पडली की उघडं पडतं. त्यामुळे मोजायचं ते दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-नाशिकला निघण्याआधी.

सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीत सतत बंद-चालू होणं सोसणारी ईएफबी किंवा एजीएम बॅटरी असते. तिथे स्वस्त पडते म्हणून साधी बसवली तर ती फार लवकर मरते. निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा डबीसारखा सेन्सर असेल, तर नवी बॅटरी बसवल्यावर स्कॅनरनं रीसेट मारून घ्यावा लागतो, आणि जंप स्टार्ट करताना काळी क्लिप टर्मिनलवर न लावता बॉडीच्या किंवा इंजिनाच्या उघड्या बोल्टवर लावायची. धक्का स्टार्टचा विचार सोडून द्या. सीव्हीटी आणि ड्युअल क्लच या ऑटोमॅटिक गिअरमध्ये तो होतच नाही, आणि मॅन्युअलमध्येही न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होऊ शकतो.

चावी ओळखत नसेल तर गाडीला दोष देण्याआधी चावीतला सेल बघा, बहुतेक वेळा सीआर२०३२ असतो. सेल मेला असला तरी बऱ्याच गाड्यांत चावीच स्टार्ट बटणाला टेकवून दाबली की गाडी सुरू होते.

गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, अशी तक्रार असेल तर करंट गळतो आहे. निगेटिव्ह केबल काढून तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावा, चावी लांब ठेवा, दारं बंद करा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. आकडा ५० मिलिअँपिअरच्या खाली यायला हवा. मीटर जोडलेलं असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. आकडा जास्त असेल तर आधी बाहेरून बसवलेल्या वस्तू काढा: डॅशकॅम, अलार्म, अॅम्प्लिफायर. गळती बहुधा तिथेच सापडते. केबल काढण्याआधी कोड मात्र वाचून घ्या. कारण पुढे येतंच.

अर्थिंग

मीटर २० व्होल्टच्या डीसी रेंजवर. काळी तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल तार इंजिनाच्या स्वच्छ धातूवर. सेल्फ मारा. ०.२ व्होल्टच्या आत आलं तर अर्थिंग चांगलं, ०.५ च्या वर गेलं तर केबल किंवा बोल्ट खराब. मग तेच बॉडीवर मोजा. दोष सापडला तर बोल्ट काढा, पत्रा आणि लग दोन्ही चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट करा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. पावसाळा संपल्यावर हे एवढंच काम केल्यानं कितीतरी ‘सेन्सर’ बरे होतात.

कोड

ओबीडीचं सोळा पिनांचं सॉकेट स्टीअरिंगच्या खाली असतं. कोड वाचायच्या आधी बॅटरी काढू नका. गॅरेजमध्ये लाईट घालवायला सरळ केबल काढतात, आणि त्यामुळे फ्रीझ फ्रेम पुसली जाते. बिघाड झाला त्या क्षणी आरपीएम किती होता, इंजिन किती गरम होतं, वेग किती होता, हे सगळं त्या नोंदीत असतं. कोडपेक्षा ती नोंद मोलाची. तिचा फोटो काढून ठेवा.

पिवळी लाईट स्थिर असेल तर जपून चालवत घरी या. लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग मारतं आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, आणि न जळलेलं इंधन कन्व्हर्टरमध्ये जातं आहे. बिजासन घाट चढताना असं झालं तर तसंच रेटू नका, सुरक्षित जागा बघून थांबा. लाल रंगाचा ऑइलचा किंवा तापमानाचा दिवा लागला तर इंजिन लगेच बंद.

कोड कुठे बघायचं ते सांगतो, कुठला पार्ट घ्यायचा ते सांगत नाही. पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग. कॉइल विकत घेण्याआधी दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, कोड पुसा, गाडी फिरवा. आता पी०३०३ आला तर कॉइल खराब. पी०३०२ च राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल करा, मग इंजेक्टरकडे वळा. पी०१७१ (इंधनाच्या मानानं हवा जास्त) आला की लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात. आधी एअर फिल्टरच्या पुढची रबरी नळी वाकवून तिला भेग आहे का बघा. पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नाही) वर नव्या कन्व्हर्टरचं एस्टिमेट हातात मिळतं, पण सायलेन्सरच्या जोडात गळती असली तरी हाच कोड येतो. पी०५६२ म्हणजे व्होल्ट कमी, परत पहिल्या पायरीवर जा. इंजिन गरम झाल्यावर गाडी बंद पडते, थंड झाली की सुरू होते आणि सोबत पी०३३५ आहे, तर इंजिनाचं फिरणं मोजणारा क्रँक सेन्सर आणि त्याचा कपलर तपासा.

यू०१०० सारखा ‘यू’नं सुरू होणारा कोड म्हणजे मॉड्यूल्सचं आपसातलं बोलणं तुटलं. निगेटिव्ह केबल काढून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास आलं तर कॅन लाईन, म्हणजे मॉड्यूल्सना जोडणारी दोन वायरींची जोडी, शाबूत. १२० आलं तर लाईन कुठेतरी तुटली आहे, शून्याजवळ आलं तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. वेगळं गेटवे मॉड्यूल असलेल्या गाडीत आकडा निराळा दिसू शकतो.

वायर तुटली असेल तर आधी उंदराचा संशय घ्या. गाडी नाल्याकाठी, बागेशेजारी किंवा जुन्या वाड्यात लागत असेल तर पावसाळ्यात दर आठवड्याला बॉनेट उघडून बघा. बॉनेटखालच्या गादीचा भुगा, बॅटरीच्या ट्रेमध्ये लेंड्या, एसी फिल्टरमध्ये घरटं, या खुणा. तुटलेली वायर पिळून टेप गुंडाळणं जुन्या गाडीला चालून जायचं. सेन्सरच्या वायरीत ओल शिरली की आकडा बदलतो, म्हणून झाळ देऊन हीट श्रिंक चढवा. कॅनच्या दोन वायरींचा पीळ पुन्हा तसाच घाला. बाहेरचा विद्युत गोंगाट त्या पिळामुळेच आत येत नाही.

बीएस-६ डिझेल आणि शहरातला वापर

सगळ्यात जास्त मनस्ताप इथे आहे, आणि तो बहुतेक वेळा गाडी चुकीच्या कामाला लावल्याचा आहे. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ (धुराचा कडक नियम) डिझेल गाड्यांत डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरमधला फिल्टर, असतो. तो काजळी अडवतो आणि साधारण ६०० अंशांवर ती जाळतो. सुदामानगर ते राजवाडा, राजवाडा ते पलासिया अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत सायलेन्सर तेवढा तापतच नाही. जवळच पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे. तिथल्यासारखं सलग पळणं डीपीएफला मानवतं, बाजारातली रेंगाळणारी रहदारी नाही.

जाळणं चालू असल्याच्या खुणा ओळखा: आयडलिंग नेहमीपेक्षा चढलेलं, मायलेजचा आकडा पडलेला, स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरतो. अशा वेळी शक्य असेल तर बंद न करता आणखी दहा-पंधरा मिनिटं चालवा. दर वेळी मध्येच बंद केली की इंजिनात जास्तीचं सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं आणि डिझेलचा वास आला, तर किलोमीटर न मोजता ऑइल बदला. तेही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं कमी राखेचं, बहुधा सी२ किंवा सी३ ग्रेडचं. साधं ऑइल घातलं तर त्याची राख डीपीएफमध्ये साचते आणि ती कधीच जळत नाही.

डीपीएफचा दिवा लागला तर टाकीत पाव भागाहून जास्त डिझेल आहे ना बघा आणि मांगलिया ते राऊ बायपास गाठा. ६० च्या वर वेग, आरपीएम २००० ते २५००, पंधरा-वीस मिनिटं सलग. दिवा विझायला हवा. नंतर वाळलेल्या गवतावर गाडी लावू नका, खालचा भाग भयंकर तापलेला असतो. डीपीएफसोबत चेक लाईटही लागली आणि गाडीनं ओढ सोडली असेल तर बायपासचा प्रयोग करू नका. स्कॅनर लावून फोर्स्ड रिजनरेशन, म्हणजे काजळी मुद्दाम जाळणं, करून घ्या. डीपीएफ पोकळ करून देणाऱ्यांच्या नादी लागू नका: ते बेकायदेशीर आहे आणि शहराच्या हवेत विष सोडणं आहे. रोजचं चालवणं दहा किलोमीटरच्या आत असेल तर डिझेल घेऊच नका, पेट्रोल किंवा सीएनजी बघा.

सर्व्हिस सेंटरमध्ये

जॉब कार्डवर ‘चेक लाईट’ एवढंच लिहू देऊ नका. कोडचा नंबर, बिघाड थंड इंजिनावर होतो की गरम, किती वेगाला होतो, हे लिहून घ्या. पार्ट सुचवला तर विचारा: वायर आणि कपलर तपासले का, किती व्होल्ट आले? जुना पार्ट परत मागा. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला आणि हायब्रिडच्या केशरी केबलला घरी हात लावायचा नाही, हे काम त्यांचंच.

आणि सेकंडहँड गाडी घेताना अडॅप्टर खिशात न्या. कोड एकही दिसला नाही तरी अॅपमध्ये ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ आणि रेडिनेस मॉनिटर (गाडीनं स्वतःच्या तपासण्या पुऱ्या केल्या का ते) बघा. अंतर पाच-दहा किलोमीटर आणि मॉनिटर अपूर्ण असतील, तर कोड नुकतेच पुसले आहेत किंवा बॅटरी काढली होती. मालकाला सांगा, आठवडाभर चालवा, मग पुन्हा बघायला येतो. तोवर बयाणा देऊ नका.