पहिल्याच भेटीत शपथ नको: दारूच्या समुपदेशनात या चुका टाळा

मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात मनाच्या तक्रारी घेऊन येणारे पुरुष दारूचा विषय स्वतःहून क्वचितच काढतात. झोप नाही, छातीत धडधडतं, चिडचिड होते, एवढंच सांगतात. दारूचं बायको सांगते, तेही तो बाहेर चपला घालत असताना, दारात उभी राहून. मग नवा समुपदेशक सगळं सोडून दारूवरच तुटून पडतो. एका भेटीत निकाल हवा असतो त्याला. त्या घाईची किंमत पेशंटचं घर मोजतं.

‘आजपासून थेंब नाही’

सगळ्यात घातक चूक ही. नारळावर नाहीतर पोरांच्या डोक्यावर हात ठेवायला लावून शपथ घ्यायची आणि माणसाला घरी पाठवून द्यायचं. रोज पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय झालेली असते. ती एकाएकी तुटली की ६ ते २४ तासांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, ओकाऱ्या होतात. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भास होतात, भान सुटतं, अंग तापतं. डॉक्टर त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो.

मालवण तालुक्यातल्या एका खलाशाचं सांगते. १ जूनला मासेमारी बंद झाली, होड्या शाकारल्या, तो घरी बसला आणि पिणं वाढलं. घरच्यांनी त्याला एका शिबिरात नेलं. तिथे शपथ झाली, टाळ्या झाल्या. दुसऱ्या रात्री त्याला आकडी आली. तिसऱ्या रात्री तो पडवीत उभा राहून दोन्ही हातांनी काहीतरी ओढायला लागला. “जाळ्यात माणूस अडाकलो हा, वडा रे, वडा!” घामाने निथळत तो नसलेलं जाळं ओढत होता. या अवस्थेत माणूस आपल्या रोजच्या धंद्याच्या हालचाली करतो, हे डॉक्टरांच्या ओळखीचं लक्षण आहे. घरच्यांना ते कुठून ठाऊक असणार? बुडालेल्या कुणाची तरी बाधा झाली म्हणून त्यांनी घाड्याला, म्हणजे बाधा उतरवणाऱ्याला, बोलावलं. रात्र त्यात गेली. पहाटे त्याच्या चुलतभावाचा मला फोन आला, तेव्हा मी पुढचं काही न विचारता १०८ लावायला सांगितलं. सरकारी रुग्णालयात तो वाचला. त्याच्या आईला कुणी अंधश्रद्धाळू म्हटलं की मला राग येतो. दारू बंद केल्यावर आकडी येऊ शकते, भास होऊ शकतात, हे शिबिरातल्या एकानेही तिला सांगितलं नव्हतं.

म्हणून मी ‘किती पिता?’ असं विचारतच नाही. त्याचं उत्तर ‘थोडी’ हेच येतं. मी विचारते: काल पहिला घोट किती वाजता घेतलात? क्वार्टर किती झाल्या? सकाळी हात थरथरतात का आणि घोट घेतला की थांबतात का? याआधी बंद केली तेव्हा आकडी आली होती का? १८० मिलीच्या एका व्हिस्की-रमच्या क्वार्टरमध्ये जवळपास ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, हे डोक्यात ठेवलं की ‘दोनच घेतो’चा अर्थ कळतो. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही १० प्रश्नांची चाचणीही आहे. ती वापरा, पण गप्पांच्या ओघात. कागद पुढे केला की आमचा माणूस पोलीस ठाण्यात बसल्यासारखा बसतो.

थरथरीचं किंवा आकडीचं उत्तर ‘हो’ आलं, तर त्या दिवशी समुपदेशन थांबवा आणि डॉक्टर गाठा. तिथे पोचेपर्यंत स्वतःच्या मनाने एकदम तोडू नका, असं पेशंटला स्पष्ट सांगा. हे वाक्य बोलायला नव्या मुलांची जीभ वळत नाही, तरी ते बोलायलाच हवं. डॉक्टर गोळ्या देऊन त्या हळूहळू कमी करतात, जीवनसत्त्व बी-१ची इंजेक्शनं देतात. बी-१ न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून ‘ताकद’ देण्याने मेंदूला इजा होऊ शकते, हेही घरच्यांना सांगून ठेवा. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ सालापासून आहे. तिथे जाण्यात कमीपणा नाही, हे समुपदेशकाच्या तोंडून ऐकलं की घरचे लवकर तयार होतात.

चहातून चोरून औषध

‘नकळत द्या, दारू सुटेल’ अशा पुड्यांच्या जाहिराती भिंतींवर दिसतात. आत काय आहे देव जाणे. काही ठिकाणी डायसल्फिराम या दारू सोडवण्याच्या औषधाच्या गोळ्या कुटून आमटीत घातल्या जातात, आणि शिकलेले लोकही त्याकडे काणाडोळा करतात. डायसल्फिराम पोटात असताना दारू घेतली की ती शरीरात अर्धवट मोडते आणि विषारी ॲसिटाल्डिहाइड साठतं. तोंड लालबुंद होतं, ओकाऱ्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर जीवही जातो. गोळी बंद केल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. हेच औषध पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून, रोज बायकोच्या समोर घेतलं तर उपयोगी पडतं. चोरून दिलेलं उघडकीला येतं तेव्हा तो माणूस घरचा चहासुद्धा घेईनासा होतो. पुढे त्याच्याशी बोलायचं कुणी?

‘आधी दारू सोड, मग मनाचं बघू’

ही पळवाट आहे. उदासी आणि दारू एकाच माणसात आहेत, तर उपचारही एकत्रच हवेत. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मनाचे विकार मानसिक आजाराच्या व्याख्येतच घेतले आहेत. मात्र पहिल्याच आठवड्यात डिप्रेशनचा शिक्का मारण्याचीही घाई नको. दारू थांबल्यावर दोन-चार आठवड्यांत पुष्कळांची उदासी ओसरते. आत्महत्येचे विचार पहिल्याच दिवशी विचारा. त्यासाठी वाट बघायची नसते.

बाकीच्या चुका थोडक्यात. झोपेच्या गोळ्या सुचवू नका. दारूसोबत त्या श्वास मंदावतात. नवऱ्याने खोलीत सांगितलेलं बायकोपर्यंत पोचवू नका. वाडीत तासाभरात सगळ्यांना कळतं. बायकांना दारूचं, मशेरीचं विचारायला लाजू नका. तुळशीची माळ घातलेल्याला हसू नका. तिने सावरलेली घरं मी पाहिली आहेत.

पुन्हा प्यायला म्हणून ओरडण्याआधी कॅलेंडर काढा. मासेमारी बंद असताना ३१ जुलैपर्यंतची रिकामी बसण्याची वेळ, १ ऑगस्टनंतर हातात येणारा पैसा, गणपतीला मुंबईहून बाटली घेऊन येणारा चाकरमानी भाऊ, शिमगा. मी हे दिवस पेशंटकडूनच लिहून घेते आणि प्रत्येकासमोर त्या संध्याकाळी तो कुणाकडे जाऊन बसेल त्याचं नाव. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाची मीटिंग जवळपास असेल तर तिचा वारही तिथेच.

उठण्याआधी घरच्यांच्या मोबाइलमध्ये नंबर घालून द्या: व्यसनासाठी १४४४६, मनाच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६. आकडी किंवा भास असतील तर हे दोन्ही नंतर, आधी १०८.