भाडोत्री महाबली समोर उभे ठाकतात तेव्हा : आठ पानी कॉमिकमधला सामना कसा रचावा

सुपरहिरो कॉमिक काढायला बसलेले बहुतेक जण पहिल्याच पानावर मारामारी सुरू करतात. शत्रू खलनायक असेल तर ते चालूनही जाते, कारण त्याचा राग वाचकाला लगेच कळतो. भाडोत्री शत्रूचे तसे नसते. त्याचे नायकाशी वैर नाही, तो कामावर आलाय. या सामन्याचा जीव ठोशांमध्ये शोधू नका, तो पैशाच्या व्यवहारात असतो. म्हणून पेन्सिल उचलण्याआधी व्यवहार लिहून काढायचा.

पहिली पायरी : उचल ठरवा

मराठवाड्यात हे कुणाला शिकवावे लागत नाही. बीडकडची माणसे दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात, पण त्याआधीच मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. ती फिटेपर्यंत माणूस बांधलेला. आपले भाडोत्री महाबली असेच बांधलेले दाखवा. एका कोऱ्या कागदावर चार गोष्टी लिहा : पैसे कोण देतो, उचल किती दिली, उरलेली रक्कम कधी मिळणार आणि कोणते काम हा माणूस कितीही पैसे दिले तरी करणार नाही. चौथे उत्तर सगळ्यात महत्त्वाचे. ते सापडले नाही तर ते पात्र अजून तयार झालेले नाही, असे खुशाल समजा.

पैशावर लढणारे या मातीला नवे नाहीत. १९व्या शतकात निजामाच्या राज्यात अरब आणि रोहिले शिपाई पगारावर लढत आणि सावकारीही करत. शस्त्र आणि कर्ज एकाच हातात असले की माणूस कसा वागतो, हे रंगवायला इथे भरपूर जागा आहे.

अमेरिकी कॉमिकमध्ये या प्रकारातले गाजलेले पात्र म्हणजे १९८० साली आलेला डेथस्ट्रोक. त्याच्या मुलाने तरुण नायकांना संपवायची सुपारी घेतली आणि त्यातच त्याचा जीव गेला. मुलाचे अर्धवट राहिलेले काम मग बापाने अंगावर घेतले. व्यवहार घरात शिरला आणि पात्र वर्षानुवर्षे टिकले. त्याची तलवार आणि मुखवटा उचलू नका, ही रचना मात्र नीट अभ्यासा.

दुसरी पायरी : शक्ती आणि तिची हद्द

उदाहरणासाठी एक नायिका घेऊ. परभणीकडच्या पाणाड्याची मुलगी, नाव ‘झिरा’. खडकावर तळहात ठेवला की खालचे पाणी तिला कळते आणि ते ती वर ओढू शकते. हद्दही इथल्या भूगोलातूनच येते. आपला खडक काळा बेसाल्ट, पाणी फक्त त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत. एकसंध कातळावर झिरा साधी माणूस.

तिने कोरड्या विहिरी जिवंत केल्या आणि एका टँकरमालकाचा धंदा बसला. त्याने मुकादमामार्फत तिघे आणले. घण, ज्याच्या मुठीने दगड फुटतो. भिंगरी, जी वावटळीसारखी गरगरत उडते. आणि कानोसा, ज्याला दोन गावे पलीकडची कुजबुज ऐकू येते.

तिसरी पायरी : जागा अशी निवडा की ती शक्ती हिरावून घेईल

मोकळ्या माळरानावर हा सामना घेतला तर ज्याची ताकद जास्त तो जिंकणार आणि वाचकाला ते आधीच कळणार. त्यापेक्षा सामना देवगिरीवर न्या. खंदक ओलांडला की कातळात खोदलेली अंधारी लागते : वळणावळणाची, चढती, काळोखी वाट. शत्रूला चकवण्यासाठीच ती केलेली आहे. आता हिशेब मांडा. अरुंद वाटेत भिंगरीला फिरायला जागा नाही. घणाने ठोसा मारला तर दगड त्याच्याच डोक्यावर येणार. कानोसाला स्वतःच्या पावलांचे प्रतिध्वनी सहन होत नाहीत. आणि झिराच्या तळहाताखाली कोरडा कातळ. चौघेही आता नुसती माणसे आहेत, म्हणजे त्यांना बोलावेच लागेल.

किल्ल्यावर एकदा जाऊन रेखाटने करून या. फोटोवरून पायऱ्यांची उंची आणि छताचा दाब कळत नाही.

चौथी पायरी : पाने वाटून घ्या

ए-फोरचे दोन कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की आठ पानांची पुस्तिका होते. बाहेरच्या कागदावर एका बाजूला ८ आणि १, दुसऱ्या बाजूला २ आणि ७. आतल्या कागदावर ६ आणि ३, मग ४ आणि ५. वाचक पान उलटतो तेव्हा डावीकडचे सम पान समोर येते, म्हणून धक्का नेहमी सम पानावर ठेवा. ३ऱ्या पानाच्या शेवटच्या चौकटीत झिरा अंधारीच्या तोंडाशी. पान उलटले की ४ आणि ५ मिळून एकच चित्र : काळोख, एक मशाल, तीन चेहरे. ही दोन पाने एकाच कागदावर येतात, त्यामुळे चित्र मधे तुटत नाही.

झिरा डावीकडे आणि तिघे उजवीकडे, ही बाजू शेवटपर्यंत बदलू नका. अंधारात वाचकाला दुसरा आधार नसतो.

पाचवी पायरी : बोलणे

इथे घाई नको. नायिकेने भाषण दिले तर सगळा खेळ संपतो. भाषा गावाकडची राहू द्या.

‘काय करायलीस गं इथं?’
‘उचल किती घेतली?’
‘तुला काय करायचंय?’
‘फिटणार हाय का ती?’

हा शेवटचा प्रश्न म्हणजे सामन्यातला खरा वार. त्यानंतरची चौकट बिनशब्दांची ठेवा, फक्त घणाचा हात.

आता कलाटणी. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीला वेढा घातला, तेव्हा धान्याची समजून गडावर नेलेली पोती मिठाची निघाली, असे सांगतात. तेच मीठ आपल्या गोष्टीत आणा. उरलेली रक्कम वर गडावरच्या महालात, बारादरीत, ठेवलीय, असा मुकादमाचा शब्द. ६व्या पानावर चौघे वर पोचतात, घण पोते फाडतो आणि आत मीठ. ७वे पान तिघांच्या चेहऱ्यांना द्या. तिघांनी एकच निर्णय घेऊ नये : कानोसा निघून जातो, भिंगरी झिराच्या बाजूला येते, घण मात्र दिलेला शब्द पाळायचा म्हणून लढतोच. ८व्या पानावरची ती छोटी मारामारी वाचकाला लागते, कारण घण वाईट नाही हे आता त्याला ठाऊक आहे.

सहावी पायरी : अक्षरे आणि शाई

संवादाचे फुगे आधी, चित्र नंतर. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार लागतात, म्हणून दोन ओळींत इंग्रजी कॉमिकपेक्षा जास्त अंतर सोडा. एका फुग्यात वीसेक शब्दांहून अधिक कोंबू नका. आवाजांसाठी ‘बूम’, ‘क्रॅश’ कशाला? काडकन, धप्पकन, खळ्ळकन, भस्सकन असा खजिना आपल्याकडे आहे. पोते फाटताना ‘टर्रर्र’ आणि मीठ सांडताना ‘सर्रर्र’, एवढे पुरे.

काळोख शाईने पूर्ण भरा, रेघोट्या मारून करडा करू नका, झेरॉक्सवर तो मातकट दिसतो. चित्र ६०० डीपीआयवर स्कॅन करा. आधी एकच प्रत काढून दुमडून पाहा : पानांचे क्रमांक जुळले आणि मधले चित्र घडीवर सरळ बसले की मगच बाकीच्या प्रती काढा.