वरच्या वर्गांना डार्क मॅटर शिकवायचं तर

‘डार्क मॅटर’ (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य) हा शब्द पहिल्या तासाला फळ्यावर लिहूच नका. लिहिलात की मुलं कृष्णविवरं, परग्रहवासी असं काहीबाही विचारत सुटतात आणि तास हातचा जातो.

मी आधी आलेखाचे कागद वाटते. आडव्या अक्षावर सूर्यापासूनचं अंतर, उभ्यावर ग्रहाचा वेग. बुध सेकंदाला सुमारे 47 किलोमीटर, पृथ्वी 30, गुरू 13, नेपच्यून जेमतेम 5.4. वक्र झरझर उतरतो. का, ते गुरुत्वबल आणि अभिकेंद्री बल समान मांडून मुलांनाच काढू द्या. नेपच्यून पृथ्वीच्या तीसपट लांब. पृथ्वीच्या 30 या वेगाला अंतराच्या 30 पटीच्या वर्गमुळाने भागलं की साडेपाचच्या आसपास येतं. इथे घाई नको, पुढची सगळी गंमत यावरच आहे.

आता देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका. तिच्या कडेच्या ताऱ्यांचा वेग कसा बदलेल, ते पेन्सिलीने काढायला सांगा. झाल्यावरच खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांची 1970 ची मोजमापं दाखवा. वक्र अपेक्षेप्रमाणे उतरतच नाही! आणि मग तुम्ही गप्प बसा. (हे सगळ्यात अवघड.)

कुणी म्हणेल मोजमाप चुकलं, कुणी न दिसणारं वस्तुमान, म्हणजेच डार्क मॅटर, सुचवेल. ‘गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदला’ म्हणणाऱ्याला उडवून लावू नका. भौतिकशास्त्रज्ञ मिलग्रोम यांनी 1983 मध्ये नेमकं तेच सुचवलं होतं. प्रत्येकाला एकच विचारा: तुझं खरं असेल, तर आणखी कुठे काय दिसायला हवं? उत्तरं वहीत लिहून घ्या. गुरुत्वीय भिंग (वस्तुमानामुळे प्रकाश वळणं) पुढच्या तासाला.