कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर बसवताना या चुका टाळा

गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू तयार होतो. गॅस गिझर बाथरूममध्ये आहे, म्हणून त्याचा डिटेक्टरही तिथेच ठोकायचा, ही नेहमीची चूक. वाफेने सेन्सर लवकर खराब होतो. शिवाय हे यंत्र लगेच वाजत नाही. वायू किती आणि किती वेळ, दोन्ही पाहून ते वाजतं. युरोपीय मानकानुसार ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग वायू) ६० ते ९० मिनिटांत, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत. खिडकी बंद असलेल्या छोट्या बाथरूममध्ये तोवर कडी काढण्याइतकी शुद्ध राहीलच असं नाही. माझं स्पष्ट मत आहे की तिथे उपाय एकच, गिझर ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर हलवणं. ते होईपर्यंत दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गिझर बंद करा आणि मगच आंघोळीला जा.

डिटेक्टर हवा तो झोपायच्या खोल्यांबाहेरच्या पॅसेजमध्ये. बंगला किंवा रो हाऊस असेल तर प्रत्येक मजल्यावर एक. लावण्याआधी घरातल्या कुणाला तरी एसी-पंखा चालू करून, दार लावून आत झोपायला सांगा आणि टेस्टचं बटण दाबा. आत नीट ऐकू आलं नाही तर ती जागा चुकली.

दुकानात ‘गॅस डिटेक्टर’ मागितला की बहुतेक वेळा एलपीजी गळतीचा हातात पडतो. त्याला कार्बन मोनॉक्साइड कळत नाही आणि त्याची जागाही वेगळी. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तो डिटेक्टर जमिनीलगत लावतात. पाइपचा गॅस हलका, त्याचा छताजवळ. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचितच हलका असल्याने खोलीभर मिसळतो. भिंतीवर लावताना दाराच्या चौकटीच्या वर, पण छतापासून किमान १५ सेंमी खाली ठेवा. सोबतच्या माहितीपत्रकात वेगळी उंची दिली असेल तर तीच पाळा. पडद्यामागे, कपाटात, एक्झॉस्टजवळ किंवा शेगडीच्या डोक्यावर नको.

विनाकारण वाजतोय असं वाटलं तर आधी इन्व्हर्टर कुठे आहे ते बघा. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि बरेच सेन्सर त्यालाही कार्बन मोनॉक्साइड समजतात. लाइट येऊन इन्व्हर्टर चार्जिंगला लागला की दर वेळी अलार्म होत असेल, तर बॅटरी तपासून घ्या आणि ती हवेशीर जागी हलवा. मात्र हा शोध नंतरचा. वाजला की आधी सगळ्यांनी घराबाहेर पडायचं. अधूनमधून एकच ‘चिक्’ येत असेल तर डिटेक्टरची बॅटरी संपत आलीय किंवा यंत्राचं आयुष्य. टेस्टचं बटण भोंगा आणि सर्किट तपासतं, सेन्सर नाही. त्यामुळे मागे छापलेली मुदत संपली की नवाच घ्या.

घरातल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखतंय, मळमळतंय, ताप मात्र कुणालाच नाही आणि बाहेर गेल्यावर बरं वाटतं, तर डिटेक्टर गप्प असला तरी बाहेर पडा आणि १०८ ला फोन करा. दवाखान्यात ‘गॅस गिझर चालू होता’ हे आधी सांगा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर या विषबाधेतही ९८-९९ दाखवू शकतो. रक्तातल्या कार्बॉक्सीहिमोग्लोबिनची, म्हणजे हा वायू चिकटलेल्या हिमोग्लोबिनची तपासणी लागते, ती करायला सांगा.