क्रॉलरच्या सस्पेन्शन लिंक घरी बनवताना

क्रॉलर म्हणजे खडकांवर चढणारी रिमोट कंट्रोल गाडी, आणि तिचा अ‍ॅक्सल चॅसिसला जोडणारी दांडी म्हणजे लिंक. लिंकच्या दोन्ही टोकांना रॉड एंड, म्हणजे आत बॉल असलेले प्लास्टिकचे सांधे बसतात. लांबी नेहमी एका रॉड एंडच्या बॉलच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा. ती 100 मिमी हवी असेल आणि रॉड एंड मध्यापासून बुडापर्यंत 15 मिमी भरत असेल, तर दांडी कापायची 70 मिमी. 1:10 (खऱ्या गाडीच्या एक दशांश) गाडीच्या वरच्या लिंकना 6 मिमीची भरीव अ‍ॅल्युमिनियम दांडी पुरते. खालच्यांना मात्र एम3 (3 मिमी) थ्रेडेड रॉडवर चढवलेली स्टेनलेस नळी घ्या. खडकावर घासतात त्याच, शिवाय वजन खाली राहतं.

अ‍ॅल्युमिनियमला टोकांच्या बरोबर मध्यावर पंच मारून 2.5 मिमी ड्रिलने 15 मिमी खोल भोक पाडा, मग एम3 टॅपने आत आटे पाडा. घाई इथेच नडते. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे आणि दोन थेंब रॉकेल. कीस अडकला की टॅप आतच तुटतो, दांडी वाया. 20 मिमीचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) निम्मा दांडीत, निम्मा रॉड एंडमध्ये बसवा. थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद) फक्त दांडीच्या बाजूला. प्लास्टिकला त्याने तडे जाऊ शकतात.

डावी-उजवी जोडी एकत्र धरूनच कानस मारा, नाहीतर अ‍ॅक्सल तिरका बसतो.